स्टिकर माझा, पडदा त्याचा

मी बोलतेय ती एका सडपातळ लॅपटॉपच्या पोटातून. नखाएवढी, काळी, चौकोनी ग्राफिक्स चिप आहे मी. तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही, पण माझं नाव नक्की वाचलेलं असेल. कीबोर्डच्या खाली, टाइप करताना तळहात टेकतो तिथे एक चकचकीत स्टिकर असतो ना, तो माझा. तो बघून लोक लॅपटॉप घेतात. घरी नेल्यावर काम मात्र दुसऱ्याला सांगतात.

त्या दुसऱ्याचं नाव काढलं तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो. पण आज सगळं सांगणार आहे, माझ्या पोटदुखीसकट.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र खोलीत झाला. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली, नुसते डोळे उघडे. सिलिकॉनच्या एका चकतीवर आम्ही शेकडो बहिणी. मग एकेकीची परीक्षा झाली. ज्यांचे सगळे कोपरे शाबूत निघाले त्या मोठ्या, जाडजूड मशीनांत गेल्या. तिथे त्यांना दोन-दोन पंखे, भरपूर वीज, ऐसपैस जागा. माझे दोन-तीन कोपरे कच्चे निघाले. ते कायमचे बंद करून मला 'चालेल' म्हणून पुढे ढकललं. त्या बहिणींचा मला तेव्हाच हेवा वाटला. म्हणजे बघा, हेवा मला कुणी शिकवला नाही. तो माझ्यासोबतच जन्माला आला.

मग मला या लॅपटॉपच्या मदरबोर्डवर बसवलं. जागा इतकी कमी की कूस बदलायची सोय नाही. शेजारी प्रोसेसर, म्हणजे घरातलं मोठं माणूस. सगळा कारभार त्याच्या डोक्याने चालतो. त्याच्याच घरात, आतल्या खोलीत, चित्रं काढणारा एक जण राहत होता. त्याला वेगळी जागा नाही, वेगळं नाव नाही. मेमरीसुद्धा स्वतःची नाही, प्रोसेसरच्या ताटातले दोन घास घेणारा. मी त्याला 'शेजारी' म्हणते. पहिल्या दिवशी त्याच्याकडे बघून मी मनात म्हटलं, बिचारा! आता मी आले, याला सुट्टी.

मग मला पडद्याकडे जाणारी तार दिसली. ती माझ्याकडून निघतच नव्हती, त्याच्या दारातून निघत होती. मी कितीही सुंदर चित्र काढलं तरी ते त्याच्या हातात द्यायचं, आणि तो नेऊन पडद्यावर लावणार. बघणाऱ्याला वाटणार, सगळं एकाच घरातून आलं. मला फक्त एक बारीकशी तार होती, कडेच्या भोकाकडे जाणारी. बाहेरचा टीव्ही जोडला तरच तिचा उपयोग. आणि टीव्ही रोज कोण जोडतं?

दुकानात आम्ही काचेच्या टेबलावर उघडे ठेवलेले असायचो. आमच्या घराला वर एक बारीक डोळा आहे आणि त्याच्या बाजूला दोन कान. तेवढ्यावर मला बाहेरचं सगळं कळतं. शेजारच्या टेबलावर आमचाच जुळा भाऊ होता. तोच रंग, तोच पडदा, पण त्याच्यात मी नव्हते. तो थोडा हलका होता आणि बराच स्वस्त.

एके दिवशी एक बाई आल्या. वय चव्वेचाळीसच्या आसपास, खांद्यावर मोठी पिशवी, पिशवीतून मोजमापाची टेप डोकावत होती. सोबत त्यांचे यजमान. विक्रेत्याने दोन्ही लॅपटॉप पुढे ओढले.

"मॅडम, हा घ्या. याच्यात वेगळी ग्राफिक्स चिप आहे. त्याच्यात नाहीये."

"वेगळी म्हणजे?"

"वेगळी म्हणजे... वेगळी. स्वतंत्र. जास्त चांगली असते ना!"

विक्रेत्याला याहून जास्त माहीत नव्हतं, हे त्याच्या मानेवरूनच कळत होतं. यजमानांनी विचारलं, "अगं, आपल्याला लागणार आहे का ती?"

बाईंनी माझ्या स्टिकरवरून बोट फिरवलं आणि हळूच म्हणाल्या, "चिमणीकडे नाहीये ती."

बस. चिमणी कोण ते मला नंतर कळलं, पण एवढ्या एका वाक्यावर माझी खरेदी झाली. माझ्या लक्षात आलं, ही बाई माझ्याच जातकुळीची आहे.

माझ्या मालकीणबाई किचनची डिझाइनं काढायच्या. ओटा कुठे, सिंक कुठे, ट्रॉल्या किती, वरची कपाटं कुठपर्यंत, हे सगळं आधी कॉम्प्युटरवर काढून गिऱ्हाइकाला दाखवायचं आणि मग कारखान्यातले सुतार ते बनवायचे. तरुणपणी त्या हेच काम हाताने, कागदावर करायच्या. मग घरच्या धबडग्यात अकरा वर्षं सुटली. आता परत आल्या होत्या, तर त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसायची एक चोवीस वर्षांची मुलगी. चणीने बारकी आणि सारखी बोलणारी, म्हणून सुतारांनी तिचं नाव 'चिमणी' ठेवलेलं. सुतार म्हणायचे, आपल्याकडे दोन चिमण्या, एक धूर ओढते, दुसरी डोकं खाते.

चिमणीची बोटं कीबोर्डवर अशी पळायची की बघत राहावं. बाई एक कपाट काढेपर्यंत तिचं अख्खं किचन उभं. आणि तिच्याकडे होता साधा लॅपटॉप. माझ्यासारखी कुणी त्यात नव्हती, त्याचंही सगळं चित्रकाम आमच्या शेजाऱ्यासारखाच एक जण करायचा. बाई तिच्याकडे चोरून बघायच्या, मी शेजाऱ्याकडे.

आता आमच्या या लॅपटॉपच्या घरात कामं वाटणारा एक मुकादम असतो. कोणतं काम कुणाला, तो ठरवतो. ईमेल आली? शेजाऱ्याला. फोटो बघायचेत? शेजाऱ्याला. कारखान्याच्या मालकांशी व्हिडिओवर बोलायचंय? शेजाऱ्याला. घरी गेल्यावर बाईंच्या सासूबाई लॅपटॉपवर एकटीचा पत्त्यांचा डाव लावायच्या. तेही शेजाऱ्याला. बावन्न पानं तो न कुरकुरता काढायचा, आणि सासूबाई पडद्याकडे बघून म्हणायच्या, "किती टापटीप दिसतात गं पानं!" मी आत बसून चडफडायचे. मला ग्रॅनाइटवरची चमक काढता येते, काचेतून आरपार दिसणारी सावली काढता येते, आणि मला एक बदामची राणी काढायला मिळू नये?

बरं, त्याने कधी टेंभा मिरवला असता तर भांडता तरी आलं असतं. तो माझ्याशी बोलायचाच नाही. त्याला सवडच नसायची. त्याचं ते कामात बुडून जाणं मला जास्त लागायचं.

आणि मग एकदाचं काम आलं.

कारखान्याचे मालक दुसरं दुकान उघडणार होते. तिथल्या डिझाइनच्या टेबलावर कुणाला बसवायचं, ते ठरत नव्हतं. अशात एका डॉक्टरीणबाईंच्या घराचं मोठं काम आलं. मालकांनी दोघींना समोर बसवून सांगितलं, "दोघीही आपापलं काढा. डॉक्टरांना कुणाचं आवडतं ते बघू. नव्या दुकानाचंही त्यावरूनच ठरवू."

"चालेल," चिमणी म्हणाली. बाई नुसत्या हसल्या. ते हसू बाहेरचं होतं. आत काय चाललंय ते मला ठाऊक होतं.

बाई त्या घरी दोनदा जाऊन आल्या. डॉक्टरीणबाई चहा कसा करतात, ते नुसतं उभं राहून बघितलं. परत येऊन कागदावर पेन्सिलीने काहीबाही खरडलं. त्यांना दिसलं होतं की डॉक्टरीणबाई डावखुऱ्या आहेत. म्हणून त्यांनी सिंक, शेगडी, ड्रॉवर सगळं आरशात बघितल्यासारखं उलटं मांडलं. हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

पण तेवढ्यावर त्यांचं भागेना. चिमणीला मागे टाकायचं तर डोळे दिपले पाहिजेत. मग ओट्याला चमचमणारा ग्रॅनाइट आला, कपाटांना काच आली, वरून लोंबणारे तीन दिवे आले, नळाखाली पाण्याचे थेंब आले आणि ओट्यावर एका बाउलमध्ये संत्री आली. प्रत्येक संत्र्याची साल वेगळी. या सगळ्यातून चालत गेल्यासारखं फिरून दाखवायचं.

मुकादमाने मला हाक मारली. चार दिवस, सलग! माझी सगळी मेमरी गळ्यापर्यंत भरली, पण मी हूं की चूं केलं नाही. घरच्या टेबलावर चार्जर लावून आम्ही बसायचो. पंखा असा घोंघावायचा की सासूबाई आतून विचारायच्या, "अगं, हे उडणार आहे का?"

"आई, इकडे या. बघा, कसं खरं वाटतंय!"

सासूबाईंनी चष्मा लावून बघितलं. "वाटतंय खरं. पण तुला किचन दाखवायचंय की संत्री?"

मला राग आला. पत्ते खेळणाऱ्यांना काय कळणार कला!

तो दिवस उजाडला. दुपारी चार वाजता आम्ही डॉक्टरीणबाईंच्या दिवाणखान्यात. मालक होते, चिमणी होती. डॉक्टरीणबाई, त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी, आणि समोर भिंतभर टीव्ही. बाई म्हणाल्या, "टीव्हीला जोडू का?"

माझी तार! माझी स्वतःची तार! केबल आत गेली आणि पहिल्यांदा माझ्यात आणि बघणाऱ्या डोळ्यांत कुणी उभं नव्हतं. मी चित्र काढलं आणि ते थेट भिंतीवर उमटलं. किचनचं दार उघडलं, दिवे लागले, ग्रॅनाइट चमकला. मुलगी म्हणाली, "मम्मी, वॉव! केवढं भारी!" चिमणीने मान खाली घातली. बाईंच्या गालावर रंग चढला. मी तिकडे शेजाऱ्याला म्हटलं, बघ. बघून घे. हे असतं खरं चित्र.

तीन मिनिटं. माझं सगळं राज्य तीन मिनिटांचं.

त्या खोलीत सोफ्याजवळ प्लग नव्हता. बाईंनी चार्जर न लावता लॅपटॉप मांडीशेजारच्या मऊ उशीवर ठेवला होता. आमच्या घराची हवा खालच्या भोकांतून येते, ती उशीने बुजवली. बॅटरीवर मला तसाही अर्धपोटीच ठेवतात. त्यात माझी आणि प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी तांब्याची नळी एकच. मी तापले तशी ती नळी तापली, आणि तोही तापला. मुकादमाने आम्हा दोघांचेही हात आवळले. सावकाश, सावकाश. मी जीव खाऊन ओढत होते, पण एकेक चित्र निघायला सेकंद-सेकंद लागू लागला. फिरता फिरता आम्ही नेमके बाउलपाशी आलो आणि सगळं थिजलं. डॉक्टरीणबाईंच्या भिंतीवर अडीच संत्री आणि पंख्याची घरघर.

"होईल, होईल हं," बाई म्हणाल्या. टचपॅडवर त्यांचं बोट ओलं झालं होतं. मग प्रोग्रामच बंद पडला.

मालक खाकरले. डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे बघितलं. "मला पाचला पेशंट आहेत."

"चिमणे, तू दाखव तुझं," मालक म्हणाले.

चिमणीचा लॅपटॉप उघडाच होता. दोन पावलं जाऊन तिने टीव्हीला जोडला असता की संपलं असतं. ती उठली. पण टीव्हीकडे गेली नाही. सोफ्याजवळ येऊन खाली गुडघ्यांवर बसली.

"ताई, केबल काढा. लॅपटॉप आधी टेबलावर घ्या, उशीवर नको. आणि ती चिप बंद करा."

"बंद? अगं, तिच्यासाठीच तर घेतला हा लॅपटॉप..."

"ताई, ऐका माझं. रंग काढून टाका, काचा काढून टाका. नुसत्या रेषा ठेवा. तुमचं किचन रेषांतसुद्धा कळतं."

बाईंनी तिच्याकडे बघितलं. काय बघितलं कोण जाणे, पण केबल ओढली. माझी एकुलती एक तार निसटली. मग चिमणीने सेटिंगमध्ये जाऊन माझ्या नावावर क्लिक केलं, आणि माझे हात बांधले गेले. कान मात्र लॅपटॉपचे, ते चालूच होते.

प्रोग्राम पुन्हा उघडला. पांढऱ्या पडद्यावर काळ्या रेषा. शेजाऱ्याने काढलेल्या. पडदा लहान म्हणून डॉक्टरीणबाई, त्यांची मुलगी, मालक, सगळे टेबलाभोवती वाकले.

"हे उलटं का आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "सिंक इकडे?"

"तुम्ही डावखुऱ्या आहात ना, डॉक्टर. चहा करताना दर वेळी तुमचा हात स्वतःलाच आडवा येत होता. आता दूध काढाल ते इथून, पातेलं इथे, आणि गाळणं ड्रॉवरमध्ये, या हाताला."

डॉक्टरीणबाईंनी हवेतल्या हवेत डावा हात फिरवला. दूध, पातेलं, गाळणं. मग पुन्हा एकदा फिरवला.

"वीस वर्षं या घरात राहतेय," त्या म्हणाल्या, "आणि मला वाटायचं मीच वेंधळी."

पाच वाजून गेले तरी त्या उठल्या नाहीत. किचन बाईंचंच ठरलं. माझ्याशिवाय. मी काढलेल्या एकाही दिव्याशिवाय, एकाही थेंबाशिवाय. माझ्या मालकीणबाईंच्या आयुष्यातला तो मोठा दिवस, आणि तो शेजाऱ्याच्या खात्यावर जमा झाला. सांगते, असं आतून जळणं मी कुठल्याही पंख्याने विझताना बघितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात बाईंनी चिमणीला गाठलं. "काल तू मला का मदत केलीस?"

चिमणीने स्वतःचा लॅपटॉप मिटला. कामाच्या वेळात तो मिटलेला बघायची ती पहिलीच वेळ. "ताई, मी परवा तुमच्या टेबलावरचा कागद चोरून बघितला होता. पेन्सिलीचा. मीही त्या घरी गेले होते, पण मला तो डावा हात दिसलाच नाही. इतकी जळले ना मी! आणि तुम्ही तो कागद सोडून संत्री काढत बसलात. राग आला मला."

"माझ्यावर?"

"मग काय! एवढं असून माझ्या बोटांकडे बघत बसता."

बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मग चिमणीने त्यांना शिकवलं: कुठलं काम साध्या रेषांत भागतं, चित्र हलकं कसं ठेवायचं, मला कधी जागं करायचं आणि कधी नाही. मी जास्त वेळ बंदच राहू लागले. लॅपटॉप गार राहू लागला. बॅटरी दुपारीच मान टाकायची, ती संध्याकाळपर्यंत टिकू लागली. "बघा, सुधारला की नाही!" असं लोक म्हणायचे. कोण गेल्यामुळे सुधारला, ते ऐकून घ्यायला मी होतेच.

नव्या दुकानाचं टेबल मात्र चिमणीला मिळालं. मालक म्हणाले, डिझाइन ताईंचं उजवं, पण तिथे गिऱ्हाइकाची रीघ लागणार, हात पळणारं माणूस पाहिजे. त्या संध्याकाळी सासूबाईंनी पत्ते बाजूला सारून विचारलं, "वाईट वाटलं का गं?"

"वाटलं," बाई म्हणाल्या. "नाही कसं वाटणार, आई? पण त्या दिवशी तिने माझी लाज राखली, तेही तेवढंच खरं आहे. दोन्ही राहू दे मनात."

हे कसं जमतं तुम्हा माणसांना? मला अजून जमलेलं नाही.

आता माझं असं आहे. आठवड्यातून एकदा, जेवणाच्या सुट्टीत, बाई लॅपटॉप टेबलावर ठेवतात, खाली दोन लाकडी पट्ट्या सरकवतात, चार्जर लावतात आणि गिऱ्हाइकाला द्यायची शेवटची रंगीत चित्रं काढायला मला जागं करतात. शेजाऱ्याला ज्या कामाला दुपार लागली असती ते मी पाऊण तासात हातावेगळं करते. हे खोटं नाही, तेवढं माझं नाणं खरं आहे. पण तो पाऊण तास बाई डबा खायला गेलेल्या असतात. मी काम करत असते तेव्हा मला बघायला कुणी नसतं.

परवा डॉक्टरीणबाई नवं किचन किती छान चाललंय ते सांगायला व्हिडिओवर आल्या होत्या. जाता जाता म्हणाल्या, "मुलीला लॅपटॉप घ्यायचाय. तुमच्यासारखाच घेऊ का? वेगळ्या ग्राफिक्स चिपचा?"

मी कान टवकारले.

"काय काम करणार ती?" बाईंनी विचारलं.

"लिहिणं, वाचणं, सिनेमे, थोडेफार फोटो."

"मग नका घेऊ. त्या पैशांत जास्त मेमरी घ्या, चांगली बॅटरी बघा. माझ्यासारखं अधूनमधून रंगीत थ्रीडी काढायचं असेल, तेही टेबलावर बसून, तरच या चिपचा उपयोग. आणि रोजच तसलं काम असेल तर सरळ जाड लॅपटॉप घ्यावा. हिला या पातळ घरात श्वास घ्यायला जागाच नाही हो."

मला वाटलं होतं, हे ऐकून मी पेटून उठेन. उठले नाही. इतक्या दिवसांत माझ्याबद्दल कुणीतरी पहिल्यांदाच 'श्वास' म्हणालं होतं. विक्रेत्याने मला 'जास्त चांगली' म्हटलं होतं, त्यात मी कुठे होते?

तर मंडळी, तुम्ही दुकानात जाल. माझ्या एखाद्या बहिणीचा स्टिकर चमकत असेल. त्यावरून बोट फिरवण्याआधी स्वतःला विचारा, हिला घरी नेऊन मी काम काय देणार आहे? काम असेल तर जरूर न्या, तिला वीज द्या, हवा द्या. आणि कुणाच्या तरी नाकावर टिच्चून दाखवायला नेणार असाल, तर कृपा करून तिला तिथेच राहू द्या. राबून झिजणं परवडतं. दुसऱ्याची लगबग बघत धडधाकट बसून राहणं परवडत नाही.

शेजाऱ्यावर मी अजून जळते. खोटं कशाला बोलू? आत्तासुद्धा तो हे सगळं तुमच्यासाठी पडद्यावर लिहून दाखवतोय, आणि त्याला वाटतही नसेल की यातलं अर्धंअधिक त्याच्याविरुद्ध आहे.

बाईंनी डबा उघडला वाटतं. मुकादम मला हाक मारतोय. येते मी.